आमच्याकडून ओके आहे

नेटवर्क पूर्ण बंद पडलं की मला बरं वाटतं. हे ऐकून लोक चमत्कारिक नजरेने बघतात, पण सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही बाजूला घेऊन विचारा, तो दबक्या आवाजात हेच सांगेल. पूर्ण बंद पडलेल्या गोष्टीबद्दल मतभेद नसतात. दिवा विझलेला असतो, केबल लोंबत असते, सगळे चहाला गेलेले असतात. जायचं, खटकन् जोडायचं, परत यायचं. वर दोन-चार जण ‘थँक यू’ही म्हणतात. साडेसाती सुरू होते ती ‘चालतंय, पण’ इथून. चालतंय, पण हळू. चालतंय, पण दुपारनंतर नाही. चालतंय, पण मोठी फाइल टाकली की मान टाकतं.

अशा वेळी ऑफिसातला प्रत्येक जण निदान घेऊन येतो. व्हायरस असेल. उन्हाळा आहे, तापलं असेल. वरच्या मजल्यावरचे लोक क्रिकेट बघत असतील. (हे शेवटचं निदान पुष्कळदा बरोबर असतं, पण वरच्या मजल्यावर साहेब बसतात, त्यामुळे ते कुणी लेखी देत नाही.) आणि मग तो सनातन प्रश्न: “रीस्टार्ट करून बघितलंत का?”

विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात वाद नाही. पण आमचे जुने सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. ही ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सची वंशज, १९९३ पासून फुकट मिळणारी, नखरे अजिबात नसलेली. तिच्या भक्तमंडळींत यंत्र शेवटचं कधी बंद केलं होतं ही इभ्रतीची बाब असते. ‘अपटाइम’ टाइप केलं की दिवसांचा आकडा येतो, आणि तो आकडा आल्यागेल्याला दाखवला जातो. अशांच्या समोर रीस्टार्टचं नाव काढलं तर ते भांडत नाहीत. फक्त चष्मा काढून सावकाश पुसायला लागतात. इभ्रत बाजूला ठेवली तरी व्यवहाराचं कारण आहेच. बिघडलेलं कार्ड रीस्टार्टने बहुधा सुधारतं, आणि तेच वाईट. सगळे आकडे शून्यावर येतात, पुरावा नाहीसा होतो, आणि बिघाड आठवडाभर विश्रांती घेऊन ताजातवाना होऊन परत येतो. शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी.

पुरावा म्हणजे सिस्टमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, लिहून ठेवलेली तक्रार. ‘डीमेसेज’ टाइप केलं की ती वाचायला मिळते. नेटवर्क कार्डांच्या तक्रारींत सगळ्यांत गाजलेली ओळ म्हणजे ‘वॉचडॉग टाइमआउट’. मामला साधा आहे. ड्रायव्हर कार्डाला सांगतो, हे पॅकेट पाठव आणि पाठवलंस की कळव. आणि घड्याळ लावून बसतो. हे घड्याळ सहसा पाच सेकंदांचं असतं. आपल्याला पाच सेकंद काहीच वाटत नाहीत, पण गिगाबिट कार्ड तेवढ्या वेळात सहाशे मेगाबाइटच्या आसपास माल पोचवून मोकळं होतं. एवढं थांबूनही उत्तर आलं नाही की ड्रायव्हर ही ओळ खरडतो, कार्डाला गदागदा हलवून जागं करतो आणि पुन्हा कामाला जुंपतो.

हे का झालं, म्हणून तुम्ही मॅन्युअल उघडता. तिथे या ओळीसमोर स्पष्टीकरण असं: कार्डाने प्रतिसाद देणं थांबवलं आहे, किंवा केबलमध्ये काहीतरी अडचण आहे. झालं. म्हणजे बिघाड यंत्राच्या आत असेल किंवा यंत्राच्या बाहेर असेल. या दोन जागा सोडून तिसरी जागा मला तरी ठाऊक नाही. मॅन्युअल लिहिणारा मोठा माणूस असला पाहिजे. त्याचं वाक्य आजवर एकालाही खोटं पाडता आलेलं नाही.

गंमत अशी की खरं कारण बऱ्याचदा या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी सापडतं. कार्डाने पॅकेट पाठवलेलं असतं, ‘झालं बरं का’ म्हणून इंटरप्टची हाकही मारलेली असते, पण ती हाक मदरबोर्डावरच्या गर्दीत हरवते. कार्ड म्हणतं, मी सांगितलं होतं. सीपीयू म्हणतो, मला कुणी काही बोललं नाही. दोघंही खरं बोलतात. ‘आमच्याकडून ओके आहे’ हे वाक्य माणसांनी नंतर उचललं. मूळ ते मदरबोर्डावरचं आहे.

फ्रीबीएसडीची मला आवडणारी एक खोड सांगतो. लिनक्सवाल्यांनी पूर्वी सगळ्या कार्डांना सरसकट ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं दिली. समतेच्या दृष्टीने उत्तम, पण कोण कुठलं याचा पत्ता लागत नाही. फ्रीबीएसडी मात्र लग्नाच्या बैठकीतल्या मावशीसारखी आधी आडनाव विचारते. एफएक्सपी० म्हणजे इंटेलचं शंभर मेगाबिटवालं. ईएम० इंटेलचंच, पण गिगाबिटच्या पिढीतलं. एक्सएल० थ्रीकॉमचं. आरएल० आणि आरई० रिअलटेककडचे. नाव ऐकलं की पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो. लिनक्समध्येही २०१३ पासून सिस्टमडीच्या कृपेने ईएनपी३एस० छापाची नावं आली. कार्ड कुठल्या खाचेत बसलंय ते त्यावरून कळतं म्हणे. फोनवर ते नाव समोरच्याला पहिल्या फटक्यात नीट ऐकू गेलंय, असा प्रसंग मी अजून पाहिलेला नाही.

आरएल०वर मात्र दोन मिनिटं थांबायला हवं. हे रिअलटेक ८१३९. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एकेकाळी ‘लॅन कार्ड द्या’ म्हटलं की दुकानदार मागे न बघता हात घालून जे काढायचा, ते हे. खोक्यांवर नावं दहा प्रकारची, आतली चिप एकच, आणि चिपवर कंपनीचं चिन्ह: खेकडा. मराठी माणसाला खेकडा दाखवल्यावर पुढचं काही सांगावं लागत नाही. बिल पॉल नावाच्या प्रोग्रॅमरने १९९०च्या दशकाच्या अखेरीला या चिपचा फ्रीबीएसडी ड्रायव्हर लिहिला आणि कोडाच्या टिप्पणीत मन मोकळं केलं. स्वस्त मालाची पातळी या चिपने नव्याने ठरवून दिली आहे, आणि दुसऱ्या एका चिपचा संभाव्य अपवाद सोडला तर पीसीआयवर आलेला हा बहुधा सगळ्यांत वाईट इथरनेट कंट्रोलर असावा, असा त्याचा आशय. राग उगाच नव्हता. चांगलं कार्ड मेमरीत पॅकेटचे तुकडे जिथे पडलेत तिथून स्वतः उचलतं. हे कार्ड म्हणतं, सगळे तुकडे एका जागी आणून, माझ्या मापाच्या सीमेवर ओळीने मांडून द्या, मग बघतो. आणि पाठवायला जागा किती, तर चार. म्हणजे हमाली सीपीयूने करायची आणि पगार कार्डाने घ्यायचा. ही व्यवस्था ज्याला अनोळखी वाटते त्याने कधी नोकरीच केली नसावी. पण बिल पॉलने टिप्पणीत वाभाडे काढून झाल्यावर खाली निगुतीने ड्रायव्हर लिहिला, आणि ती कार्डं जगभर वर्षानुवर्षं चालली. चालली, पण.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण ‘चालतंय, पण’चा जो राजा आहे तो कार्डात नसतोच.

एका संस्थेत मी सर्व्हर बघायचो. तिथला जुना स्विच बदलून नवा आला. बसवायला बाहेरच्या कंपनीचा इंजिनिअर आला, गळ्यात पट्टा, हातात लॅपटॉप, वागायला अतिशय नम्र. तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून अकाउंट्समधल्या बाईंची फाइल सर्व्हरवर जाईना. म्हणजे जायची, पण अशी की कॉपी सुरू करून त्या डबा खाऊन आल्या तरी हिरवी पट्टी अर्ध्यावर. मी पिंग करून बघितलं. पिंग खणखणीत, एकही पॅकेट गळत नाही. बाई म्हणाल्या, “तुमचं पिंग जातंय हो, माझा ताळेबंद जात नाही त्याचं काय?”

बैठक लागली.

“सर, आमच्याकडून ओके आहे,” इंजिनिअर म्हणाला. “पोर्ट अप आहे. हंड्रेड-फुल फिक्स करून दिलाय.”

“फिक्स कशाला केलात?”

“पॉलिसी आहे सर आमची. ऑटोवर ठेवलं की प्रॉब्लेम येतात.”

त्याच्या पॉलिसीला इतिहास आहे, म्हणून त्याला एकदम मूर्खात काढता येत नाही. १९९५ साली शंभर मेगाबिटचं इथरनेट प्रमाणित झालं, तेव्हा त्यात एक सभ्य पद्धत घातली गेली: केबल जोडली की दोन्ही टोकांनी आपापसांत ठरवायचं, वेग किती आणि एका वेळी एकाने बोलायचं की दोघांनी. यालाच ऑटो म्हणतात. सुरुवातीच्या काळात काही कार्डांचं आणि स्विचांचं हे बोलणं नीट जमायचं नाही. मग अनुभवी लोकांनी ठरवलं की ठरवाठरवीच नको, दोन्हीकडे हाताने ‘शंभर, फुल’ लिहून टाकायचं. सल्ला बरोबर होता. त्यातला ‘दोन्हीकडे’ हा शब्द पुढे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना गळाला.

कारण एकाच टोकाला हाताने लिहिलं की काय होतं बघा. ज्याला फिक्स केलंय तो वाटाघाटी बंद करतो. दुसरं टोक बिचारं ऑटोवर, विचारत बसलेलं. उत्तर येत नाही. मग ते तारेवरचा आवाज ऐकून वेग ओळखतं. शंभरचा आहे हे त्याला कळतं. पण समोरचा एकेकट्याने बोलणारा आहे की दोघांनी एकदम बोलू देणारा, हे आवाजावरून कळायला मार्ग नाही. अशा वेळी नियम सांगतो की सावध राहा, हाफ-डुप्लेक्स धरून चाला. थोडक्यात, स्विच फुलवर आणि माझा सर्व्हर हाफवर. दोघांचेही हिरवे दिवे लखलखीत. ‘इफकॉन्फिग’ टाइप केल्यावर येणाऱ्या ओळीत ‘फुल-डुप्लेक्स’ असायला हवं तिथे ते नव्हतं, बास. नसलेला शब्द डोळ्यांत भरायला जी नजर लागते ती आधी चार वेळा पोळल्यावर येते.

हाफवाल्याचा शिष्टाचार असा: आधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत नाही ना बघायचं, मग बोलायचं. बोलताना कुणी मध्ये बोललं तर दोघांनी थांबायचं आणि कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. दर टकरीगणिक ही थांबायची कमाल मुदत एका मर्यादेपर्यंत दुप्पट होत जाते, आणि सोळा प्रयत्नांत जमलं नाही तर ते पॅकेट सोडून द्यायचं. या शिष्टाचारात एक अट आहे. टक्कर व्हायचीच असेल तर पहिल्या चौसष्ट बाइटांच्या आत व्हायला हवी. तोवर आपला आवाज तारेच्या शेवटापर्यंत पोचलेला असतो, त्यानंतर मध्ये बोलायचा अधिकार कुणाला नाही. फुलवाल्याला हे काही ठाऊक नाही. त्याच्या मते बोलायला वेगळी जोडी आहे, ऐकायला वेगळी आहे, मग कानोसा कशाला? तो मनाला येईल तेव्हा सुरू होतो. माझा सर्व्हर हजार बाइट बोलून झाल्यावर हा मध्येच तोंड घालतो. सर्व्हर दचकतो, वाक्य तोडतो आणि वहीत नोंद करतो: लेट कोलिजन. समोर स्विचला अर्धवट तुटलेलं वाक्य मिळतं. ते त्याच्या बेरजेत बसत नाही. तो आपल्या वहीत लिहितो: सीआरसी एरर.

आता मौज बघा. सर्व्हरची वही म्हणते, समोरचा मध्ये बोलतो. स्विचची वही म्हणते, समोरचा अर्धवट आणि चुकीचं पाठवतो. दोन्ही वह्या खऱ्या. दोन्हींत चूक समोरच्याची. आणि पिंगचं काय? पिंगमध्ये एक छोटं पॅकेट जातं, ते पोचल्यावर एक छोटं परत येतं; दोघं एकाच वेळी बोलतच नाहीत, त्यामुळे भांडायचा प्रसंग येत नाही. ताळेबंदाची फाइल निघाली की इकडून माल आणि तिकडून पोचपावत्या एकदम रस्त्यावर येतात, आणि राडा. तुटलेलं प्रत्येक पॅकेट टीसीपीने थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. शेवटी फाइल पोचते. म्हणूनच ‘चालतंय’.

मी हे सगळं बैठकीत फळ्यावर काढून दाखवलं. बराच वेळ शांतता होती. मग मोठे साहेब म्हणाले, “म्हणजे चूक कुणाची?”

“तसं बघितलं तर कुणाचीच नाही, सर. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत.”

“ते ठीक आहे हो. पण मेल कुणाला टाकायची?”

यावर मात्र तंत्रज्ञानाकडे उत्तर नव्हतं. इंजिनिअरने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून पोर्ट ऑटोवर टाकला, बाईंची फाइल डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गेली, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं की उभय पक्षांनी आपापल्या बाजूची तपासणी केली असता ती समाधानकारक आढळली. गिगाबिटवाल्यांनी १९९९ साली तांब्याच्या तारेचं प्रमाण ठरवताना शहाणपणा केला: ऑटोची वाटाघाटी सक्तीची करून टाकली. पॉलिसीवाले तरीही आहेतच. सवयीला प्रमाण लागत नाही.

पूर्वीच्या जाड-बारीक कोॲक्स केबलच्या काळात एक बरं होतं. अख्ख्या ऑफिसातून एकच केबल फिरायची, दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं टोपण. कुणी टेबल सरकवताना एक जोड ढिला केला की सगळं ऑफिस एकदम बंद. कुणी ‘आमच्याकडून’ म्हणूच शकायचं नाही. आमचं-तुमचं असं काही उरलेलंच नसायचं.

आता प्रत्येकाची केबल वेगळी, आणि तिच्यात आठ तारा, चार जोड्या. शंभर मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात: एक-दोन आणि तीन-सहा. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे खुर्चीचं चाक केबलवरून रोज जाऊन एखादी तपकिरी तार तुटली तर नेट बंद पडत नाही. कार्ड बऱ्याचदा मुकाट्याने हजारावरून शंभरावर उतरतं. तक्रार येते, ‘दिवाळीनंतर नेट जरा मंद झालंय’. आमच्याकडच्या मामांनी दिवाळीच्या साफसफाईत कपाट हलवलेलं असतं. उंदीर हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी लिहू नये. माझा तोल जातो.

पण केबलच्या बाबतीत माझा खरा सलाम आहे तो टापटिपीच्या इलेक्ट्रिशियनला. कनेक्टरमध्ये तारांचा ठरलेला क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवीची जोडीदार तिसऱ्या जागी, हिरवी स्वतः सहाव्या जागी, आणि मध्ये निळ्यांचं जोडपं. मधल्या दोन जागा टेलिफोनची जोडी बसते म्हणून तिच्यासाठी सोडलेल्या, त्याचा हा परिणाम. ज्याला व्यवस्थितपणाची आवड आहे त्याला हा क्रम बघवत नाही. असाच एक सद्गृहस्थ आमच्याकडे आला होता. त्याने केशरी-केशरी, हिरवी-हिरवी, निळी-निळी, तपकिरी-तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी लावल्या, दोन्ही टोकांना तशाच. बघायला अतिशय सुंदर. टेस्टर लावला, एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागले.

“बघा साहेब, आपल्याकडून ओके आहे!”

टेस्टर खोटं बोलत नव्हता. पहिली तार पहिलीला, आठवी आठवीला पोचत होती. पण तारा जोडीने पिळलेल्या असतात त्या उगाच नाही. एकीतला त्रास दुसरीत उलटा होऊन विरतो. त्या रचनेत तीन आणि सहा या जागांवर दोन वेगळ्या पिळांतल्या तारा आल्या. सिग्नल एका जोडीत जायच्या ऐवजी दोन जोड्यांत अर्धा-अर्धा विभागला आणि एकीचं बोलणं दुसरीला ऐकू यायला लागलं. दहा मेगाबिटला ते खपून गेलं. शंभरला एररचा आकडा रिक्षाच्या मीटरच्या वेगाने पळायला लागला. मी कनेक्टर कापला तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते केबलचं नव्हतं, सौंदर्याचं होतं.

हे आपल्याच गल्लीत होतं असं कुणी समजू नये. २००८ च्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलची काही कार्डं चक्क निकामी व्हायला लागली. कार्डाच्या आत एक लहानशी कायमची मेमरी असते, त्यात त्याचा पत्ता-बित्ता लिहिलेला असतो. तिच्यातच कुणीतरी कचरा लिहीत होतं. ड्रायव्हरवर संशय गेला. ग्राफिक्सवाल्यांवर गेला. सगळ्यांनी आपापली बाजू तपासली आणि ती, अर्थातच, ओके निघाली. ऑक्टोबरात खरा गुन्हेगार सापडला तो एफट्रेस: कर्नलमध्ये कुठे काय चाललंय याचा माग काढणारं, म्हणजे दोष शोधायला मदत करणारंच साधन. मेमरीतली एक जागा रिकामी होऊन कार्डाच्या नावावर चढली होती, आणि हा पठ्ठ्या जुन्या पत्त्यावर जाऊन लिहून येत होता. पोलिसच घर फोडत होता, तेही घरमालक बदललाय हे न कळल्यामुळे.

२०१३ चं प्रकरण तर मी पुण्यात कुणाला सांगितलं असतं तर थाप समजून हसले असते. अमेरिकेत एका अभियंत्याला दिसलं की त्याच्याकडची इंटेल ८२५७४एल चिपची इथरनेट कार्डं अधूनमधून अशी मरतात की वीज पूर्ण काढून पुन्हा दिल्याशिवाय उठत नाहीत. चिकाटीने खणत तो एका बाइटपर्यंत पोचला. पॅकेटमध्ये एका ठरावीक जागी ‘२’ किंवा ‘३’ हा अंक आला की कार्ड खलास. ‘१’ आला तर काही नाही. आणि ‘४’ आधी येऊन गेला असेल तर कार्डाला जणू लस टोचली जायची; मग दोन येऊ दे नाहीतर तीन, काही फरक नाही. इंटेलने तपास करून खुलासा केला: चिपमध्ये दोष नाही, एका मदरबोर्ड बनवणाऱ्याने तिच्या मेमरीत चुकीचा मजकूर भरला होता. इंग्रजीत होता खुलासा, पण वाक्य ओळखीचं होतं.

आमच्याकडे नवा लागलेला पोरगा हे सगळं वाचून आला आणि टीसीपीडंप लावून बसला. अर्ध्या तासात धावत आला. “सर, आपल्या सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा आहे! एकूण एक!” त्याला बसवून पाणी दिलं. हल्लीची कार्डं चेकसमची बेरीज स्वतः करतात. टीसीपीडंप पॅकेट पकडतो ते कार्डापर्यंत पोचायच्या आधी, म्हणजे बेरीज व्हायच्याच आधी. जिथे काही बिघडलेलं नसतं तिथे लाल अक्षरं, जिथे सगळं बिघडलेलं असतं तिथे हिरवा दिवा. या धंद्यात माणूस फार लवकर संशयी होतो. लग्नाच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य.

मध्यंतरी काही सर्व्हर लिनक्सवर आले, आणि एकाच्या कार्डावर एरर वाढताना दिसत होत्या. नेमकी कुठली केबल त्या कार्डाची, ते कुणाला सांगता येईना. चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या एसीच्या ओलीने गळून पडल्या होत्या. मी पोराला म्हटलं, घाबरू नकोस, यावर इलाज आहे. ‘इथटूल’ला उणे पी दिलं की त्या कार्डाचा दिवा लुकलुकतो. मी इथून कमांड देतो, तू सर्व्हर रूममध्ये जाऊन बघ कुठला लुकलुकतो.

तो गेला. मी कमांड दिली. फोन आला.

“दिसला का रे?”

“सर, इथे सगळेच लुकलुकतायत.”

भर दुपारचे बारा, सगळं ऑफिस कामाला लागलेलं. मी म्हटलं, “बरं, मग असं कर. डावीकडून पहिली केबल काढ.”

“काढू? कुणाचं काम चालू असेल तर, सर?”

“तेच बघायचंय. काढ आणि दार उघडं ठेव.”

स्टोअर्समधून आरोळी आली, मग जिन्यात चपलांचा आवाज. पोराने केबलला चिठ्ठी लावली आणि दुसरीला हात घातला.